तोंडाने म्हणा

सोनारांच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत तात्या जुने दागिने वितळवून देत. शब्दांच्या बाबतीत माणूस महाखट. कुणी "हे जरा विरघळवून द्या" म्हणालं, की चष्म्यावरून बघत. "विरघळते ती साखर. पाघळतं ते लोणी. सोनं वितळतं." याहून मोठा त्यांचा दुसरा हट्ट. सोनं वितळवायची मातीची मूस लालबुंद झाली, तरी दागिना चिमट्यात धरून विचारणार, "वितळवू?" नुसती मान हलवलेली चालत नसे. "तोंडाने म्हणा." गिऱ्हाइकं वैतागत, पण तात्या ऐकतील तर शपथ.

यामागचं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी आई गेली आणि तिच्या दोन्ही बांगड्या धाकट्या बहिणीकडे आल्या. त्यातली एक घेऊन ती तात्यांकडे आली. त्यांनी विचारलं, तिने रडत रडत मान हलवली, यांनी बांगडी मुशीत टाकली. मूस निवल्यावर मनात आलं, ती हो म्हणाली, की हुंदक्याने मान हलली? विचारायचा धीर झाला नाही. तेव्हापासून बहीण आली की तात्या खाली बघूनच बोलत.

आज ती दुसरी बांगडी घेऊन हजर. "नातीला साखळी करायचीय, दादा."

तात्यांनी सोन्यातला मळ सुटावा म्हणून मुशीत चिमूटभर टाकणखार टाकला. "वितळवू?"

तिने मान हलवली.

"तोंडाने म्हण."

"अरे, मला पण?"

तात्यांनी चिमटा खाली ठेवला. "मागच्या वेळी म्हणाली नव्हतीस. तुला नको होतं का गं?"

बहिणीने कपाळावर हात मारून घेतला. "म्हणून अकरा वर्षं तोंड चुकवतोयस होय! मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. वर बघ जरा." तिने केस कानामागे सारले. कानांत सोन्याची दोन फुलं होती. "त्याच बांगडीची. तुझ्याकडे यायच्या आधीच सोनाराला नक्षी सांगून आले होते. मनाविरुद्ध झालं असतं, तर रोज घातली असती?"

तात्या फुलांकडे बघतच राहिले. अकरा वर्षं छातीवर बसलेला धोंडा उतरला.

"वितळव," बहीण स्पष्ट म्हणाली.

बांगडी आधी वाकली, मग मुशीच्या तळाशी तिचा लखलखता गोळा झाला. तात्यांनी बाहीने डोळे पुसले.

"पाघळलास ना?" ती हसली.

तात्यांनी तिची चूक काढली नाही.