चार तालुक्यांचं देऊळ

दोह्याच्या अल सद्द भागातल्या अबूबकर परकारांच्या घरातली एक खोली त्यांची नव्हतीच. ती गावची. रत्नागिरीकडच्या त्यांच्या गावातला कुणी नवखा कतारला उतरला, की पाय स्थिरावेपर्यंत तिथे राही. मुंबईला डोंगरीत गावच्या जमातीची, म्हणजे गावकऱ्यांच्या मंडळाची, अशीच एक खोली होती. व्हिसाची वाट बघत ऐन तारुण्यात अबूभाय तिथे पडून असत. दोह्यात घर मिळालं तेव्हा त्यांनी आधी या खोलीसाठी खाटा आणल्या, मग स्वतःसाठी.

आता कंपन्याच पोरांना विमानतळावरून थेट बरवा अल बराहातल्या कामगार वसाहतीत नेतात. खाटा रिकाम्या पडल्या. त्यांच्या बायकोला, रबियाला, तिथे शिलाईचं मशीन मांडायचं होतं.

"गाववाले येईतोवर या खाटाच म्हाताऱ्या होतील," ती म्हणे.

सुट्टीवरून परतलो की खोली मोडू, असं अबूभायांनी शेवटी कबूल केलं, पण जीव तुटत होता. त्यातच ते काम करत त्या गोदामातला सोबती, उदगीरचा श्रीपती, नव्या कंपनीत राहायची सोय होईपर्यंत आसरा मागत आला. खोली फक्त गाववाल्यांची, असं सांगून त्यांनी त्याला वाटेला लावलं आणि पुढे त्याच्या नजरेला नजर देईनात.

सुट्टीत नवरा-बायको मुंबईला, माझगावात गोदीजवळ रबियाच्या बहिणीकडे उतरली. मागच्या गल्लीत एक जुनं चिनी देऊळ होतं. रबियाला ते बघायचंच होतं, म्हणून अबूभाय चपला हातात घेऊन तिच्या मागोमाग गेले. किल्ल्या सांभाळणारी चिनी म्हातारी अस्सल मुंबईची हिंदी बोलत होती. तिने सांगितलं, वर देव आणि खाली खलाशी, अशी इथली रीत. बोटीवरून उतरलेल्याला या शहरात ओळखीचं कुणी नसे. आधी आलेल्यांनी वर्गणी काढून त्याच्यासाठी हे छप्पर उभारलं.

अबूभायांनी सवयीने विचारलं, "कुठल्या गावची खोली ही?"

म्हातारीला त्यात नवल वाटलं नाही. "चीनमधल्या आमच्या चार तालुक्यांची."

"आणि पाचव्यातला कुणी आला तर?"

"भुकेल्याला तालुका कोण विचारतो?"

खालच्या मजल्यावर आता कुणीच राहत नव्हतं. फरशी मात्र लख्ख पुसलेली होती. तिथे किती खाटा मावत असतील, ते अबूभायांनी नजरेने मोजलं. घरी येताना रबियाच म्हणाली, शिलाई मशीन हॉलमध्येही मावेल.

दोह्याला परतल्याच्या दुसऱ्या दिवशी अबूभायांनी आपण होऊन श्रीपतीला फोन केला. तो कुणाच्या तरी हॉलमध्ये जमिनीवर झोपत होता. संध्याकाळी बॅग आणि कुकर घेऊन दारात उभा राहिला.

रबियाने त्याला गाव विचारलं नाही. "मासे चालतात ना?" एवढंच विचारलं.

"नाही, वहिनी. अंडंसुद्धा नाही. पण तुम्ही खा, मी दार लावून बसेन."

"दार कशाला लावायचं? पाहुणा आहेस." ती नवऱ्याकडे वळली. "ऐकलंत? बांगडा खायचा असेल तर आजपासून बाल्कनीत उभं राहून तळायचा. तुम्ही."

बाहेर उकाड्याने जीव नकोसा झाला होता. तरी अबूभाय लगेच कबूल झाले.