कुंकू लावलेल्या टोप्या

आग लागली की लोकांना बंब आठवतो. आग लागायच्या आधी माझी आठवण कुणालाही येत नाही, आणि याचा मला इतका राग आहे की माझ्याच डोक्यावर एखादा डिटेक्टर बसवावा. मी धूर हुंगणारी यंत्रं बसवतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांपासून दिंडोरीच्या वायनऱ्यांपर्यंत छताछताला माझे डिटेक्टर चिकटलेले आहेत, उपड्या वाटीएवढे, पांढरे. नाक असं तिखट की लासलगावात कुणी विडी शिलगावली तर ते अंबडात शिंकतील. थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच.

अंबडमधल्या एका कंपनीची सर्व्हर रूम माझ्याच हातची. अर्ध्या जिल्ह्याचे कांद्याचे सौदे आणि द्राक्षांच्या कंटेनरांचे हिशेब तिथल्या कपाटांत दिवसरात्र घोंघावत असतात. अशा खोलीत आगीवर पाणी मारून चालत नाही, कारण आगीनं जे सोडलं ते पाणी खातं. म्हणून गॅस. एका डिटेक्टरला धूर लागला की घंटा, दुसऱ्यानं दुजोरा दिला की भोंगा. माणसं बाहेर, दार बंद, आणि लाल सिलिंडरांतला गॅस सुटून आगीचा गळा आवळतो. अट एकच, डिटेक्टरला श्वास घेऊ द्यायचा.

दिवाळी उरकली आणि तिथल्या मेंटेनन्सच्या साहेबांचा फोन आला. खोलीतल्या यूपीएसच्या बॅटऱ्या धुमसल्या, धूर कोंडला, पण घंटा वाजली नाही. तुमचं यंत्र झोपलं होतं, असं ते मला सुनावत होते. मी स्कूटर अशी हाणली की द्वारका सर्कलचा सिग्नल मला बघून स्वतः हिरवा झाला.

पोचतो तर निकाल आधीच लागलेला. काचेबाहेर बसून संगणकांचे पडदे बघणारी ऑपरेटर, वणीकडची मुलगी, कंत्राटावर लागलेली. जळका वास तिलाच आला होता, भिंतीवरचं अग्निशामक नळकांडं घेऊन तीच आत घुसली होती, आणि आग तिनंच विझवली होती. पण साहेबांचं म्हणणं, उशीर झाला म्हणजे बाई मोबाइलमध्ये असणार. कंत्राट त्याच आठवड्यात संपत होतं, ते पुढे वाढवायचं नाही असं ठरलंही होतं. ज्यानं आग विझवली त्यालाच घरी पाठवायचं, हा न्याय मी नाशिकात पहिल्यांदा पाहिला असं म्हणणार नाही, पण इतक्या झटपट पाहिला नव्हता.

मी शिडी मागितली. साहेब म्हणाले, शिडी कशाला, पॅनेलवर हिरवा दिवा आहे. थोडी चूक तुमच्या सेन्सरची, थोडी हिची, असं म्हणू आणि मिटवू. माझी चूक कुणी माझ्यासमोर अशी वाटून दिली की माझे कान तापतात. मी शिडी स्वतः ओढत आणली.

वर चढलो आणि टॉर्च मारला. एकूणएक डिटेक्टरला केशरी टोपी. रंगकाम असलं की धूळ जाऊ नये म्हणून या टोप्या घालतात; डबाभर मीच स्टोअरमध्ये ठेवून गेलो होतो. आणि प्रत्येक टोपीवर हळद, कुंकू, चिकटपट्टीनं लावलेलं आपट्याचं पान आणि वाळून खडखडीत झालेलं झेंडूचं फूल. नाक दाबून वर पूजा. सगळे कसे रांगेत, मुंडावळ्या बांधून बोहल्यावर उभे असल्यासारखे.

मी खाली बघून विचारलं, हे कुणी केलं? साहेबांना अचानक फोन करावासा वाटला. उत्तर मुलीनं दिलं. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला यंत्रांच्या पूजेत धूप केला आणि ऐन आरतीत घंटा झाली. थोरले मालक हातात नारळ घेऊन पार्किंगपर्यंत पळाले. म्हणून यंदा टोप्या. त्या आधी पूजेच्या ताटात ठेवल्या, हळद-कुंकू लावलं, मग छताला चढवल्या.

"मी दुसऱ्याच दिवशी काढा म्हटलं होतं काका," ती म्हणाली. "तर म्हणे, पूजेचं कुंकू हाय, कोण हात लावणार? दिवाळीपर्यंत राहू दे."

मी आधी सिलिंडरांची वाट बंद केली. मग ऑफिसच्या देव्हाऱ्यातली उदबत्ती पेटवून टोपीखाली धरली. चिडीचूप. टोपी उतरवली, उदबत्ती पुन्हा धरली. घंटा अशी कडाडली की पांडवलेण्यांतल्या मूर्तींनी कूस बदलली असेल.

त्या आवाजानं थोरले मालक खाली आले. मी शिडीवरून टोपी त्यांच्या हातात दिली आणि मोठ्यानं सांगितलं, की तुमच्या खोलीचं नाक तुमच्याच माणसांनी बुजवलंय, आणि शिक्षा चालली आहे जिच्या नाकानं खोली वाचली तिला. त्यांनी टोपी उलटसुलट केली. झेंडूचा चुरा त्यांच्या बुटांवर पडला.

"कुंकू मीच लावलं होतं," ते म्हणाले.

म्हणूनच कुणी हात लावला नव्हता. देवाला एवढं कुणी घाबरत नाही.

मुलीचं कंत्राट वाढलं. तिची माफी मात्र कुणी मागितली नाही, आणि पुढे सुरक्षा सप्ताहात शाल-नारळ कुणाला मिळाला? साहेबांना, दक्षतेबद्दल. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या नाहीत, हे सगळ्यांनी बघावं म्हणून हात वर धरून ठेवले होते.

पुढच्या वर्षी दसरा आला तसे साहेब पुन्हा टोप्या मागायला गेले. डबा आता त्या मुलीच्या खणात, कुलपात असतो. तिनं त्यांना आरतीचं ताट काचेबाहेर मांडायची जागा दाखवली.

"आत धूप करायचा असंल तर टोप्या देते साहेब," ती म्हणाली, "पण आरती संपेपर्यंत शिडीवर तुम्ही बसायचं, आणि धूर तुम्ही हुंगायचा."

पूजा काचेबाहेर झाली.