वरून काही लिहू नका

आमच्या डिस्कवाल्या चाचांइतका तुसडा माणूस अहेरीत दुसरा झाला नाही. बाजारातल्या त्यांच्या दुकानात कॉम्प्युटर घेऊन गेलं की आधी शिव्या खायच्या, मग स्टूल मिळायचं. भिंतीवर एक उघडी हार्डडिस्क टांगलेली. तिच्या चकचकीत चकतीवर बोट फिरवत ते गिऱ्हाइकाची शिकवणी घ्यायचे. चकतीवर गोल गोल रांगा, रांगेचे तुकडे म्हणजे सेक्टर, प्रत्येकाला नंबर. "आपला आठवडी बाजार समजा. एका फाइलचं सामान धा दुकानांत पसरलं, अन कोनतं कुठी हाये ते फक्त यादीले माहीत." खराब सेक्टर सापडला की डिस्क त्याला कायमचं वगळते, हे त्यांना फार पटलेलं. सख्ख्या भावालाही त्यांनी तसंच वगळलं होतं. त्याच्या घरावरून जायला नको म्हणून मशिदीत जायचे तेही लांबून वळसा घालून.

मी त्यांना मागून हसायचो. आम्ही नवराबायको आश्रमशाळेत शिकवत होतो. ती सुट्टीत म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाठून गोंडी शब्द गोळा करायची आणि आपल्या आवाजात अर्थासकट रेकॉर्ड करून चाचांकडून घेतलेल्या एका डिस्कवर ठेवायची. ती वारली, आणि वर्षाच्या आत मी शहाण्याने तीच डिस्क चुकून फॉरमॅट केली. चाचांना फोन लावला. पहिल्यांदाच ते ओरडले नाहीत. "सर, फक्त यादी गेली. बाईंचा आवाज जिथल्या तिथी हाये. बंद करा अन माह्याकडे आना. नवं लिहिलं का जुनं पुसते, वरून काई लिहू नोका."

मला वाटलं, म्हातारा गिऱ्हाईक सोडत नाही. मी इंटरनेटवरून फायली परत आणणारं सॉफ्टवेअर उतरवलं, तेही गाढवासारखं त्याच डिस्कवर. जे सापडलं तेही तिथेच साठवत गेलो.

शेवटी डिस्क घेऊन गेलो, तेव्हा चाचांनी आठवडाभर एकेक सेक्टर वाचून काढला. थोडं हाती लागलं. बाकी ठिकाणी ती शब्द उच्चारते आणि अर्थ सांगायच्या आत आवाज तुटतो. मी चिडून म्हणालो, "डिस्कच खराब निघाली तुमची ती!"

"नाई सर," ते हळूच म्हणाले, "एक बी सेक्टर खराब नाई."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर मी दुकानासमोरून जाताना दिसलो की ते मला हाक मारायचे, स्टुलाकडे बोट करायचे. मीच त्यांचं दुकान टाळून लांबच्या गल्लीने जाऊ लागलो.

आता चाचा नाहीत. दुकानात मोबाइलची कव्हरं विकतात. ती डिस्क माझ्या कपाटात आहे, आणि तिच्यावर मी पुन्हा काही लिहिलेलं नाही.