जिथं थांबलं तिथून

अमळनेरच्या एस.टी. आगारात अभिमन बैसाणे इंजिनं खोलायचा, पण गावोगाव लोक त्याला ओळखत होते ते गळ्यामुळे. एप्रिल उजाडला की त्याच्या गायन पार्टीला चोपड्यापासून साक्रीपर्यंत बोलावणी यायची आणि जयंतीचा महिना सरेपर्यंत त्याचा घसा बसलेलाच असायचा. बसलेल्या घशानंही तो बोलतच राहायचा, घरात, आगारात, चहाच्या टपरीवर. त्याची बायको रुक्माबाई म्हणायची, या माणसाला झोपेतसुद्धा कोणीतरी ऐकणारं लागतं.

त्र्याण्णव साली त्याच्या हातातून पाना निसटायला लागला. मग पाय जड झाले, आणि एका कार्यक्रमात दुसऱ्या कडव्यावर जीभ वळेना. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, मज्जातंतूंचा आजार आहे, यावर औषध नाही. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहील. पुढच्या वर्षी तो खुर्चीत आला. आवाज गेला. उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलत होतं.

धाकटी बहीण पुष्पा धुळ्याच्या एका तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवायची. वडील गेले तेव्हा अभिमननं आपली शाळा सोडून तिची चालू ठेवली होती. त्यावर दोघं कधी बोलले नव्हते. तिनं एक जुना कॉम्प्युटर मिळवला आणि पुण्याच्या एका संस्थेतून एक प्रोग्रॅम आणला. पडद्यावर बाराखडी मांडलेली असायची, तिच्यावरून एक चौकोन सरकत जायचा. हवं ते अक्षर आलं की अभिमननं बोटाखालचं बटण दाबायचं. शब्द जुळायला वेळ लागे, पण जुळे. एका कोपऱ्यात घंटीचं चित्र होतं. ते निवडलं की मशीन वाजायचं आणि शेजारच्या इंदिराबाई धावत यायच्या. दिवसा रुक्माबाई नगरपालिकेच्या दवाखान्यात आयाच्या कामावर असायची, म्हणून ती घंटी.

पण लाइटचा भरवसा नव्हता. मोठी बॅटरी लावली तरी तासाभरात मान टाकायची. लाइट आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हायचं, पण प्रोग्रॅम सुरू करताना त्याची फ्लॉपी घालावी लागे, पासवर्ड टाइप करावा लागे. अभिमनला ते शक्य नव्हतं. इंदिराबाईंना शिकवून पाहिलं, त्या कळांना हात लावायलाच घाबरत. एका दुपारी लाइट जाऊन आली आणि अभिमनची मान एका बाजूला कलली. समोर पडदा फ्लॉपी मागत होता. संध्याकाळी रुक्माबाई आली तोवर तो तसाच वाकडा बसून होता. डोळ्यांतून पाणी येऊन गालावर सुकलं होतं.

पुष्पानं ते ऐकलं आणि ठरवलं. प्रोग्रॅम बाहेरच्यांचा होता, आतून बदलता येत नव्हता. मग मशीनच झोपवायचं. लाइट गेली की छोट्या बॅटरीवरही मिळतात त्या चार मिनिटांत मेमरीत असेल ते सगळं जसंच्या तसं डिस्कवर उतरवायचं. लाइट आली की ते परत मेमरीत भरायचं. म्हणजे मशीनला वाटावं, मध्ये काही घडलंच नाही.

कॉलेजच्या लॅबमधलं मशीन वेगळ्या जातीचं होतं. म्हणून तिनं अभिमनचंच मशीन धुळ्याला नेलं. "दोन आठवड्यांत आणते, भाऊ," ती म्हणाली. त्यानं डोळे मिटून होकार दिला.

झोपवणं जमलं. अडचण उठवण्यात होती. परत भरताना मशीन मध्येच गोठायचं नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. कुठं अडतं ते कळावं म्हणून तिनं प्रत्येक टप्प्यावर पडद्याच्या कोपऱ्यात एक अक्षर उमटवलं. आज एका टप्प्यावर अडे, उद्या दुसऱ्याच. चूक असेल तर रोज एकाच जागी हवी, ही जागा बदलत कशी होती?

दोन आठवडे उलटले, महिना उलटला. मग एसटीडी बूथवरून रुक्माबाईचा फोन आला. ती एरवी फोन करत नसे.

"ताई, मशीन कव्हय लयशी?"

"थोडंच राहिलंय, वहिनी."

"त्या नुसतं मनाकडे देखत ऱ्हातस. काय पाहिजे, माले समजत नही. त्यास्नं तोंड तुनाकडे शे ना व."

भाऊ वहिनीकडे नुसता बघत राहतो आणि त्याचं तोंड आपल्याकडे आहे, हेच घोळवत पुष्पा लॅबमध्ये परतली. मशीन आहे तसं परत न्यावं का? नेलं तर पुन्हा ती वाकडी मान. तिनं आणखी आठ दिवस घेतले. त्या आठ दिवसांचा हिशेब तिनं पुढं जन्मभर स्वतःशी मांडला.

उलगडा लॅबमध्ये झाला, फळ्यासमोर. मेमरीचे सारखे तुकडे असतात, त्यांना पानं म्हणतात. प्रोग्रॅमला वाटतं, आपली पानं ओळीनं लागलीत. खरं तर ती कुठंही विखुरलेली असतात. कोणतं पान प्रत्यक्षात कुठं आहे, याचा एक तक्ता असतो आणि प्रोसेसर पावलोपावली तो बघूनच चालतो. हा तक्ताही मेमरीतच राहतो. मशीन नव्यानं सुरू झालं की नवा तक्ता बनतो, दर वेळी वेगळ्या जागी. आणि पुष्पाचा कोड त्याच तक्त्याच्या आधारानं जुनी पानं परत ठेवत होता. ठेवता ठेवता एखादं जुनं पान नेमकं त्या तक्त्यावरच जाऊन पडे. त्या क्षणापासून मशीनला पुढची सूचना कुठं आहे हेसुद्धा सापडत नव्हतं.

मग झोपताना जी पानं रिकामी होती, ज्यांवर परत काहीच येऊन पडणार नाही, ती तिनं शोधली. तिथं एक छोटा तात्पुरता तक्ता मांडला आणि भरण्याचं काम करणारा कोडही तिथंच नेला. आता सगळी पानं सुखरूप उतरायला लागली. तरी शेवटच्या अक्षरावर मशीन गोठलंच. तात्पुरता तक्ता सोडून जुना हाती घेतला, की त्या जुन्या तक्त्याप्रमाणे पुढची सूचना भलत्याच ठिकाणी पडत होती. तेवढा तुकडा दोन्ही तक्त्यांत एकाच पत्त्यावर दिसेल असं केल्यावर मशीन उठलं. पडद्यावर तिनं चाचणीसाठी लिहिलेलं तिचंच नाव होतं आणि चौकोन पुढच्या अक्षराकडे सरकत होता.

तिचे सहकारी लीलाधर पाटील शेजारी उभे होते. "मॅडम, पेपर लिहा यावर," ते म्हणाले. ती तोवर वायरी गुंडाळायला लागली होती.

अमळनेरला पोचली तेव्हा बोट गेलेलं होतं. रुक्माबाईनं दारातच सांगितलं, "आते हालत नही." पुष्पानं बटण हातात दिलं, बोटावर बोट ठेवून दाबलं, काही झालं नाही. शेवटी खुर्चीला लोखंडी पट्टी बांधून बटण गालाशी आणलं. गाल थोडा फुगवता येत होता. आठवडाभर तो चुकतच राहिला, भलतीच अक्षरं उमटत राहिली. मग एका रविवारी पडद्यावर नीट शब्द आले.

उशीर केलास.

"हो, भाऊ," पुष्पा म्हणाली. चौकोन पुन्हा फिरायला लागला होता. बऱ्याच वेळानं दुसरी ओळ जुळली.

जेवलीस का.

त्याच दुपारी तो काहीतरी लिहीत असताना लाइट गेली. मशीननं कुरकुर केली, पडदा काळा झाला. तिघं लाइटची वाट बघत बसली. चार वाजता पंखा फिरला, पाठोपाठ मशीन उठलं. अर्धा शब्द होता तसाच परत आला, चौकोन होता त्याच अक्षरावरून पुढं निघाला. अभिमननं गाल फुगवला आणि शब्द पुरा केला. त्याच्या छातीतून एक आवाज निघाला. रुक्माबाई म्हणाली, हसतात.

पुढं वर्षभर तो बोलला. चहात साखर कमी आहे म्हणाला. जुना ढोलकीवाला वना भेटायला आला आणि तिथंच बसून वाजवायला लागला, तेव्हा त्याला थांबवून 'ताल धर' असं सुनावलं. लाइट किती वेळा गेली आणि आली, कोणी मोजलं नाही. घंटी वाजली की इंदिराबाई धावत यायच्या.

शहाण्णवच्या थंडीत त्याला न्यूमोनिया झाला. दुपारी घंटी वाजली, इंदिराबाई आल्या तेव्हा तो निळा पडला होता. गाडीत घालेपर्यंत लाइट गेलेली होती. जळगावच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तो गेला. घरी आणला तेव्हा खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. कोपऱ्यात पडदा उजळलेला होता. रुक्माबाईनं त्यावर लुगडं टाकलं.

सगळं आटोपून माणसं पांगली तेव्हा तिनं लुगडं उचललं. घंटीच्या आधी त्यानं लिहायला घेतलेली ओळ तशीच होती.

आज पुष्पा येईल तिला

चौकोन अक्षरांवरून सरकत होता, शेवटापर्यंत जाऊन पुन्हा सुरू होत होता.

"बंद नको करू," रुक्माबाई म्हणाली. पुष्पानं केलं नाही. ती धुळ्याला परत गेली, पुढच्या रविवारी आली, त्याच्याही पुढच्या. मधल्या काळात लाइट जात होती, येत होती, आणि मशीन दर वेळी त्याच ओळीवर जागं होत होतं. रुक्माबाई भाकऱ्या थापताना मधूनच त्याच्याकडे बघायची.

एका रविवारी तिनं विचारलं, "त्यास्ले काय सांगणं व्हतं तुनाबद्दल?"

"माहीत नाही, वहिनी."

"चहा दे, म्हनत व्हतीन. दुसरं काय."

पुष्पा मान खाली घालून रडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. रुक्माबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, मग उठून चहाचं आधण ठेवलं. चहा पिऊन झाल्यावर तीच मशीनजवळ गेली. "कोणतं?" तिनं विचारलं. पुष्पानं मागचं बटण दाखवलं आणि रुक्माबाईनं ते दाबलं.