ओठावरचे दाणे आणि गूळ-चुना

वाचायचा नवा चष्मा डोळ्यांवर तसाच ठेवून मी दाढीला बसलो, तिथून सगळं बिघडलं. इतकी वर्षं आरशात दिसणारा माणूस जरा धूसर होता, म्हणून बरा दिसायचा. त्या सकाळी त्याच्या वरच्या ओठावर, मिशीच्या खाली, रव्याचे कण चिकटावेत तसे फिकट पिवळे दाणे दिसले. आदल्या दिवशीचा शिरा असेल म्हणून नखानं खरवडले. निघेनात. ओठ ताणून पाहिला, तर आणखीच दिसले.

दुसऱ्या एखाद्या घरात यावर हसू आलं असतं. आमच्या घरात नाही. बायकोचा धाकटा भाऊ तोंडाच्या कॅन्सरनं गेला. आधी गालात आतून एक फोड आला होता. "काही न्हाई, उष्णता हाय," म्हणत त्यानं तो झाकून ठेवला. शेवटी त्याला चमच्यानं पाणी पाजायला हीच होती. त्याच्या तेराव्याला मी तंबाखू सोडली आणि गावभर सांगत फिरलो. सुपारी चालू होती, ते सांगायचं राहिलं.

तेव्हा आरशासमोर एकच ठरवलं: हिला कळू द्यायचं नाही. पुन्हा तो चमचा हिच्या हातात नको.

आमच्याकडं काटा रुतो, गाठ येवो, मुका मार लागो, औषध एकच. गूळ-चुना. दोन्ही कालवले की चांगलं तापतं आणि म्हणे आतली घाण ओढून काढतं. माझ्या टाचेतला बाभळीचा काटा त्यानंच निघाला होता. पण ओठ म्हणजे टाच नव्हे, हे लावल्या लावल्या कळलं. बोंबही मारता येईना, कारण ही पलीकडं भाकरी थापत होती. गोठ्यातल्या बादलीत तोंड बुडवून उभा राहिलो. म्हैस मान वळवून बघत राहिली.

दुपारपर्यंत ओठाचं भजं झालं.

"अवं, काय झालं तोंडाला?"

"दाढ दुखून राहिली."

"दाढ दुखल्यावर ओठ सुजतो व्हय?"

"माझी दाढच तशी हाय."

तिनं एक लवंग आणून हातावर ठेवली, माझ्याकडं जरा वेळ पाहिलं आणि आत गेली.

मग मी रुमाल तोंडाला बांधूनच वावरू लागलो. धुळीचं निमित्त सांगायचं आणि गोठ्याच्या आडोशाला जाऊन आरसा काढायचा. सूज उतरली, पण भाजल्या जागी खपली धरली. ती सुटली की रक्त यायचं. आता दाणेही होते आणि जखमही होती. जखम मीच केलेली, हे मला पक्कं ठाऊक होतं; तरी रक्त पाहिलं की मेहुण्याचा चेहरा समोर यायचा. घास गिळताना घशात काही अडकतंय असं वाटायला लागलं. काही अडकत नव्हतं. भीती तेवढी होती.

शेवटी मळणी यंत्राचा पट्टा आणायचा म्हणून सांगितलं आणि सेनगावहून हिंगोलीची जीप धरली. "पट्टा तर आत्ताच नवा बसवला ना?" असं ती दारातून म्हणत होती. मला ऐकू आलं नाही, असं मी ठरवलं.

डॉक्टरीणबाई आमच्या पोरीच्या वयाच्या. रुमाल सोडला तशी त्यांनी हातातला पेन खाली ठेवला.

"काका, हे काय लावलंत?"

"गूळ-चुना."

"कशाला?"

"दाण्यांला."

त्यांनी बॅटरी लावली, ओठ उलटा केला, गालाच्या आत पाहिलं, जीभ एका बाजूला धरली, मानेवरून बोटं फिरवली. मग म्हणाल्या, "तुमची तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घाला."

हे मी पाहिलेलं होतं. मेहुण्याला दुसरं बोट घालता आलं नव्हतं आणि मी त्याच्या शेजारी उभा होतो. एक गेलं. दोन गेली. तिसरं भाजल्या ओठाला घासत, अडत, पण गेलं. काढताना डोळ्यांत पाणी आलं, ते नुसतं ओठामुळं नव्हतं.

"काका, हे दाणे म्हणजे रोग नाही," त्या म्हणाल्या. "कातडीत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. बाकी अंगावर त्या केसाच्या मुळाशी असतात. ओठावर केस नाहीत, कातडी पातळ, म्हणून वरून दिसतात. कितीतरी लोकांना असतात. तुम्हाला तरणेपणापासून असतील, लक्ष आत्ता गेलं."

"मग औषध?"

"हात लावायचा नाही, हेच औषध. पिळायचे नाहीत, खरवडायचे नाहीत. मोठ्या शहरात कुणी दिसायला बरं म्हणून लेझरनं काढून घेतात. तुम्हाला सिनेमात जायचंय का?"

मी न्हाई म्हणालो.

"जखमेला मलम देते. ती तुमची स्वतःची कमाई आहे. सुपारी खाता ना?"

"थोडी."

"तिनं तोंड उघडायचं कमी होत जातं. आजच बंद. आणि दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा-लाल चट्टा, कडक गाठ, असं काही दिसलं तर सरळ इकडं यायचं. गूळ घरी ठेवून."

घरी आलो ते रुमाल खिशात घालूनच. हिला सगळं सांगितलं. दाणे, गोठा, बादली, तीन बोटं. मला वाटलं हसेल. ती परातीतलं पीठ मळत राहिली. मग हात थांबले.

"त्यानं बी असंच लपवलं होतं," ती म्हणाली. "ते दाणे तर मी लग्न झाल्यापासून पाहून राहिले. मला इचारलं असतं तर सांगितलं असतं. काहून लपवता? आन् दाढ दुखणाऱ्या माणसाला मी इतके दिवस बिनतिखटाचं वरण वाढून राहिले, ते बी कळलं न्हाई तुमाला?"