पूर्णगडच्या बागेत गुंतवणूकदार

स्वारगेटहून रत्नागिरीची एसटी सुटली तेव्हा मेघना, माझी भागीदार, मांडीवर लॅपटॉप घट्ट धरून बसली होती. २००१ सालची सुरुवात. फवारणी न केलेला हापूस इंटरनेटवर विकायचा, मधला दलाल काढून टाकायचा, म्हणून आम्ही नोकऱ्या सोडल्या होत्या. वेबसाइट तयार होती, भांडवल नव्हतं. मुंबईच्या एका गुंतवणूक कंपनीतले कर्णिक बाग पाहायला येणार होते. त्यांच्या होकारावर सगळं अडलं होतं.

चिपळूणला चहा-भजी झाली आणि पुढे सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार) लागला. वाळकं गवत, मधेच काजूची झाडं, आणि डोळे दिपवणारं ऊन. मेघना वाटभर कर्णिकांना काय सांगायचं ते घोकत होती.

कर्णिक रेल्वेने रत्नागिरीला आले. त्यांना आधी वेबसाइट चालताना पाहायची होती, म्हणून बाजारातल्या सायबर कॅफेत गेलो. पडद्यावर आंब्याचं चित्र वरून अर्धं उतरलं आणि थांबलं.

"लाइन पडते हो मधेच," दुकानदार ओशाळून म्हणाला. "सकाळच्याला आलात तर बरी चालते."

कर्णिकांनी नुसतं घड्याळ पाहिलं. ते मला जास्त बोचलं.

जीपने पूर्णगडला पोचलो. खाडी समुद्राला मिळते तिथे टेकडीवर छोटा किल्ला, खाली होड्या, आणि चढावर अप्पांची बाग. दोन मोसमांपूर्वी आमच्या शब्दावर फवारणी बंद करणारे हे पहिले बागायतदार. काकूंनी घावने (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) आणि नारळाचा गोड रस वाढला. कर्णिकांनी मागून घेतला. मला वाटलं, जमतंय.

मग बागेत गेलो. मोहोर काळा पडला होता. फांदी हलवली की तुडतुड्यांचा (मोहोर शोषणाऱ्या किड्यांचा) भुरका उडे आणि पानांचा चिकटा हाताला लागे.

"हे कधी सावरेल?" कर्णिकांनी विचारलं.

"सावरेल की. तुडतुडे खाणारा मित्रकिडा परत यायला हवा, माती सुधारायला हवी," अप्पा म्हणाले. "आणखी चार-पाच पावसाळे धरा."

"तोवर आम्हाला पैसे काढून बाहेर पडायचं असतं, अप्पा."

मेघना घाईने म्हणाली, "सर, म्हणूनच तर भांडवल हवंय. पीक बुडेल त्या वर्षी बागायतदाराला आधार देता येईल."

"कल्पना चांगली आहे," कर्णिक खरोखरच हळुवारपणे म्हणाले. "वर्षापूर्वी नुसत्या वेबसाइटवर पैसे मिळत होते. आता त्यावरही नाहीत, आणि मातीसाठी थांबणारं तर कोणीच नाही. मी खोटी आशा लावणार नाही."

संध्याकाळच्या गाडीसाठी ते जीपने निघून गेले. आम्ही तिघं झाडाखाली उभे राहिलो.

"म्हणजे तुमचं दुकान निघत नाही," अप्पा म्हणाले.

"नाही," मी म्हणालो.

"मग मी आता फवारू काय?"

मेघनाने मान फिरवली. त्यांनी परवानगी मागावी, हे मला सहन होईना. "फवारा, अप्पा," मी म्हणालो.

"उशीरच झालाय तसा. बघू, खालच्या अंगाची झाडं वाचली तर."

दुसऱ्या दिवशी गडी पंप घेऊन आले. औषधाचा उग्र वास खळ्यापर्यंत (घरापुढच्या अंगणापर्यंत) येत होता. काकूंनी गुपचूप खिडक्या लावून घेतल्या. अप्पा आम्हाला एसटीच्या थांब्यावर सोडायला आले. "मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "तुमचं वय लहान आहे."

ते आम्हाला दोन शब्द लावून बोलले असते, तर परतीचा प्रवास सोपा गेला असता.

पुण्यात आलो. महिन्याभरात आम्हा दोघांनाही नोकऱ्या मिळाल्या. आमची चूक आमच्यापुरती तेवढ्यात मिटली. अप्पांची फवारणीविना गेलेली दोन वर्षं मात्र झाडांना भोवली, आणि त्या मोसमात त्यांच्या बागेतून बाजारात आंबा गेला नाही.