ओल्या गोणपाटातला वेल

नार्नूरजवळच्या त्या भाजीवाल्या मावशी हात धुतलेलं पाणीही वाया घालवायच्या नाहीत. ते मोरीमागच्या रताळ्याच्या वेलांना जायचं. ते लाल सालीचं जुनं वाण फक्त त्यांच्याकडेच उरलं होतं. नव्वदच्या दशकात मी एका प्रयोगशाळेसाठी, डीएनए तपासायला, अशा वाणांची पानं गोळा करत असे. त्यांनी पानं दिली आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेला एक वेलही दिला.

"बेनं एकाच घरी ठेवू नाई, साहेब. हा तुमच्या आंगनात लावा. समजलं का?"

प्रयोगशाळेला पानंच हवी होती. वेल मी उटनूरच्या विश्रामगृहात टाकून आलो.

पुढच्या वर्षी डुकरांनी त्यांचे सगळे वेल उकरले. मावशी निश्चिंत मनाने माझ्या घरी आल्या.

"तुमच्याकडचा येल द्या."

मी खरं ते सांगितलं आणि घाईने पुढे म्हणालो, "पण डीएनए जपून ठेवलाय. नळीत, बर्फात."

"थे लावलं त उगवते का?"

"नाही."

वेल न्यायला त्यांनी गोणपाट घरूनच भिजवून आणलं होतं. त्यांनी ते माझ्या जास्वंदीच्या मुळाशी पिळलं, घडी घातली आणि त्या निघाल्या.